पहिल्या टप्प्याचा माणूस

रविवारी सकाळी साडेसातच्या सुमारास फोन वाजला आणि पडद्यावर ‘सुदामभाऊ’ असं नाव दिसलं. मी तो उचलला नाही. सुट्टीच्या दिवशी सुदामभाऊ कधी फोन करत नसत, आणि तीनच दिवसांपूर्वी, गुरुवारी, मी त्यांना ‘पुढच्या वेळी नक्की’ म्हणून पुन्हा एकदा वाटेला लावलं होतं. त्याबद्दलच काहीतरी बोलणार, या धास्तीने मी फोन ओट्यावर उपडा ठेवला आणि चहाचं आधण टाकलं. फोन दुसऱ्यांदा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला. पलीकडे त्यांची मुलगी प्रज्ञा होती. ‘‘ताई, पप्पा गेले,’’ ती म्हणाली. गावात कुणाकडे तरी निघाले होते, गमबूट घालायला पायरीवर बसले आणि बसल्या जागीच कलंडले... दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. मी तिला काय म्हणाले ते आठवत नाही. आधण उकळून उकळून आटून गेलं आणि भांडं करपल्याचा वास आला, तेव्हा मी गॅस बंद केला.

सुदाम गायकवाड माझ्या कंपनीत सहा वर्षं होते. कंपनी म्हणजे लोणावळ्यात वलवणला एका घराचा वरचा मजला, नऊ माणसं, आणि पावसाळ्यात सतत दगा देणारं इंटरनेट. आम्ही लोकांना लागेल ते सॉफ्टवेअर बनवून देतो. मी लोणावळ्यातच वाढले, पुण्यात मोठ्या कंपन्यांत बारा वर्षं काढली आणि मग स्वतःचं काहीतरी करायचं म्हणून घरी परतले. सुदामभाऊ कामशेतजवळच्या खेड्यातले. तळेगावच्या बाजूला एका कारखान्यात त्यांनी अठरा वर्षं नियोजन विभागात काढली, कारखान्याने माणसं कमी केली तेव्हा बाहेर पडले, आणि आमच्याकडे तयार सॉफ्टवेअर तपासून बघायच्या कामासाठी आले. वय सत्तेचाळीस. बाकीची टीम पंचविशीतली. मुलाखतीत मी विचारलं, ‘‘भाऊ, संगणकाचं किती येतं?’’ ते म्हणाले, ‘‘संगनकाचं कमीच येतं. पन काम कुटं बिगाडतं, त्ये लय बगितलंय.’’ मला हसू आलं आणि मी त्यांना घेतलं. तेव्हा मला वाटलं होतं की मी त्यांच्यावर उपकार करतेय.

तपासायच्या कामावर ते चार महिनेही टिकले नाहीत. एक दिवस माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, ‘‘ताई, ह्या चुका हितं न्हाई झाल्या. पैल्या दिवशीच झाल्यात. आपन उगाच श्येवटाला शोधतुया.’’ खरं म्हणजे आमच्या धंद्यातलं हे सगळ्यात जुनं दुखणं. काम सुरू व्हायच्या आधी जे काही बोलणं होतं त्याला आम्ही सरसकट ‘प्लॅनिंग’ म्हणतो. गिऱ्हाईक त्याची अडचण सांगतं, त्याच बैठकीत कुणीतरी उपाय सांगतं, तिसरा स्क्रीनवर काय दिसेल त्याचे पडदे कागदावर काढून दाखवतो, चौथा ‘होऊन जाईल सहा आठवड्यांत’ म्हणतो, आणि सगळे हात मिळवून उठतात. प्रत्येक जण वेगळं काहीतरी ठरलं असं समजून घरी जातो. सुदामभाऊंनी त्याचे तीन टप्पे केले, आणि ते नुसते कागदावर न ठेवता तीन वेगवेगळ्या जागी नेऊन बसवले. पहिली बैठक गिऱ्हाइकाच्या जागेवर, लॅपटॉप न उघडता. तिथे एकच विषय, काय दुखतंय. दुसरी आमच्या ऑफिसात, फळ्यापुढे. तिथे काय करायचं आणि काय करायचं नाही. आणि तिसरी, त्यानंतर किमान दोन दिवसांनी, किती दिवस लागतील याची. एका बैठकीतला शब्द दुसऱ्या बैठकीत आणायचा नाही. पहिल्या टप्प्यात जो कुणी तारीख बोलेल त्याने उठून सगळ्यांचा चहा करायचा, असा दंड होता. पहिले दोन महिने ऑफिसचा चहा जवळजवळ मीच केला.

मला हे सगळं सहन होत नसे, हेही सांगून टाकते. मी मुळात घाबरट. गिऱ्हाईक हातचं जाईल, दुसरं कुणीतरी आधी करून देईल, पोरं कंटाळून पुण्याला पळतील, अशी एक ना अनेक भुतं माझ्या मानगुटीवर कायम असतात. घाबरट माणसाला सगळ्यात जास्त धीर कशाने येतो, तर काहीतरी दिसायला लागल्याने. पडद्यावर एखादं बटण आलं, रंग आले, की मला हायसं वाटतं. आणि सुदामभाऊ नेमकं तेच लांबणीवर टाकत. भुशी धरणाच्या रस्त्याला एक रिसॉर्ट आहे, त्याचे मालक आमच्याकडे आले होते. शनिवार-रविवारी एकाच खोलीचं दोघांना बुकिंग होतं, रोज भांडणं, तर एक ॲप करून द्या म्हणाले. मी मनातल्या मनात पडदे रंगवायलाही लागले होते. सुदामभाऊ दोन दिवस त्यांच्या काउंटरवर जाऊन बसले आणि परत येऊन मला म्हणाले, ‘‘ताई, तितं सॉफ्टवेअरचं काम न्हाई. मालकाची दोन पोरं हायेत, दोगं दोन डायऱ्यांत बुकिंग घेत्यात. वरीस झालं, येकमेकाशी बोलत न्हाईत.’’ आणि हे त्यांनी मालकांनाही तसंच्या तसं सांगून टाकलं होतं! हातातलं काम गेलं म्हणून मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. मालकांनी मात्र काउंटरवर एकच रजिस्टर ठेवलं, मुलांना समोरासमोर बसवलं, आणि वर्षभराने आमचं नाव स्वतःहून एका ट्रस्टला सुचवलं.

ज्या कामाबद्दल मला लिहायचंय ते हेच. हा ट्रस्ट मावळात आरोग्याचं काम करतो. एक निवृत्त डॉक्टरबाई त्याच्या प्रमुख आहेत. पवनेच्या बाजूच्या वाड्या-वस्त्यांवरून बाळंतपणासाठी बायकांना कामशेतला आणायचं तर गाडी वेळेवर मिळत नाही. गावोगावच्या जीपवाल्यांना एकत्र जोडून, आशाताईंच्या किंवा घरच्यांच्या फोनवरून गाडी मागवता येईल, असं काहीतरी त्यांना हवं होतं. सुदामभाऊंनी पहिला टप्पा पाच आठवडे चालवला. पाच आठवडे! रोज मोटरसायकलवरून कुठल्या तरी वाडीवर जात. दोनदा मीही गेले. एका आशाताईंच्या, संगीताताईंच्या घरी आम्ही बसलो होतो. सुदामभाऊ विचारत होते, ‘‘गाडीवाल्यानं फोन न्हाई उचलला, मंग?’’ ‘‘दुसऱ्याला लावायचा,’’ संगीताताई म्हणाल्या. ‘‘त्येनंबी न्हाई उचलला?’’ ‘‘मंग चालत टेकाडावर जायाचं, तितं रेंज हाय.’’ ‘‘बाईला घिऊन?’’ संगीताताई हळूच म्हणाल्या, ‘‘भाऊ, तुमी आसं इचारलं की लय भ्या वाटतं.’’ सुदामभाऊ म्हणाले, ‘‘हितं बसल्यालं असताना वाटू द्या. तवा न्हाई वाटलं पायजे.’’ मी शेजारी बसून मोबाइलवर तारखा बघत होते. मलाही भीतीच वाटत होती, पण ती वेगळ्या गोष्टीची.

दुसरा टप्पा सुरू झाला तेव्हा आमच्या अक्षयने, म्हणजे पडद्यांची रचना करणाऱ्या मुलाने, ॲप कसं दिसेल याची चित्रं केली. आजकाल ही चित्रं नुसती बघायची नसतात. ती फोनमध्ये टाकता येतात, बोटाने दाबता येतात. ‘गाडी मागवा’ दाबलं की दुसरं चित्र येतं, ‘गाडी निघाली आहे, वीस मिनिटांत पोहोचेल’. मागे काही नसतं. ना गाडी, ना गाडीवाला. सुदामभाऊंनी अक्षयला बजावून प्रत्येक पडद्यावर आडवी लाल पट्टी टाकून घेतली होती, ‘हे चित्र आहे, ॲप नाही’. ती पट्टी दिसायला फार वाईट दिसे. ट्रस्टपुढे सादरीकरण होतं त्याच्या आदल्या दिवशी मी अक्षयला म्हणाले, ‘‘ती पट्टी काढ रे, एखाद्या छान साडीवर शाई सांडल्यासारखी दिसतेय.’’ सुदामभाऊ त्या दिवशी वाडीवर गेले होते. सादरीकरण उत्तम झालं. डॉक्टरबाई खूश, आलेल्या आशाताई खूश, पाच आठवड्यांत पहिल्यांदाच मला गार वाटलं. संगीताताई निघताना म्हणाल्या, ‘‘ताई, ह्ये माझ्या फोनात द्या की, बायांना दावते.’’ आणि मी ती फाइल त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवली. तितक्या कौतुकाने कुणी मागितल्यावर नाही म्हणवेना. खरं तर नाही म्हणावं हे मनात आलंच नाही.

संगीताताईंनी ती फाइल पुढे तीन घरांत पाठवली, जिथे दिवस भरत आलेल्या बायका होत्या. त्यांचं काय चुकलं? त्यांना ॲप मिळालं होतं. त्यातल्या एका घरी सोनाली नावाची सून होती, आठवा महिना. गावाचं नाव लिहीत नाही. दिवाळी होऊन काही दिवस झाले होते, दुपारची वेळ. सोनालीला अचानक कळा सुरू झाल्या. नवरा कामावर. घरी सासू, हौसाबाई, आणि दोन जावा. जावेने फोन काढून बटण दाबलं. पडद्यावर आलं, ‘गाडी निघाली आहे, वीस मिनिटांत पोहोचेल’. त्याच वेळी शेजारच्या घरापुढे एक जीप कामशेतला जायला उभी होती. गाडीवाल्याने विचारलंसुद्धा, ‘‘न्हेऊ का वैनीला?’’ हौसाबाईंनी त्याला सांगितलं, ‘‘तू जा बाबा, आमची गाडी निघालीया.’’ तो गेला. ही माणसं वाट बघत बसली... पाऊण तासाने पुन्हा बटण दाबलं तर पुन्हा तेच, वीस मिनिटं. शेवटी दुधाच्या टेम्पोत सोनालीला घातलं आणि पोर रस्त्यातच जन्माला आलं. मुलगी झाली. एकोणीस दिवस काचेच्या पेटीत होती. माय-लेकी दोघी वाचल्या. आधी पोहोचले असते तर मुलीला काय फरक पडला असता, असं मी दवाखान्यातल्या डॉक्टरांना, त्या दोघींसमोर न जाता, विचारलं होतं. ‘‘सांगता येत नाही. वेळेत आली असती तर...’’ एवढं म्हणून ते दुसऱ्या पेशंटकडे वळले. मी त्यांना पुन्हा विचारलं नाही.

चौथ्या दिवशी ट्रस्टच्या कार्यालयात बैठक बसली. डॉक्टरबाई, त्यांचे दोन विश्वस्त, मी, सुदामभाऊ आणि अक्षय. डॉक्टरबाईंनी थेट विचारलं. ‘‘हे चित्र त्या घरात गेलं कसं? कुणी दिलं?’’ संगीताताईंना त्यांनी आधीच विचारलं होतं, तेव्हा त्या बाई बिचाऱ्या ‘कंपनीकडनं आलं’ एवढंच रडत रडत म्हणाल्या होत्या. अक्षय माझ्याकडे बघत होता. मी तोंड उघडलं, मला पक्कं आठवतंय, उघडलं होतं. पण त्या क्षणी नऊ माणसं, ऑफिस, नाव, सगळं डोळ्यांपुढे आलं आणि आवाज फुटेना. तेवढ्यात सुदामभाऊ म्हणाले, ‘‘डॉक्टरबाई, पैल्या टप्प्यापासनं ह्ये काम माझ्याकडं व्हतं. त्यातलं काय भाईर गेलं तर चूक माझीच.’’ त्यांना फाइल कुणी पाठवली ते माहीत होतं. पट्टी कुणी काढली तेही अक्षयने त्यांना सांगितलं होतं. मी समोरच्या लॅपटॉपवर मान खाली घालून काहीतरी टाइप करत राहिले. काय टाइप केलं ते नंतर बघितलं, नुसती अक्षरं होती. डॉक्टरबाईंनी काम काढून घेतलं नाही. फक्त म्हणाल्या, या कामावर हे गृहस्थ मला पुन्हा नकोत. आणि मी ‘बरं’ म्हणाले.

ज्या माणसाने पाच आठवडे वाड्या तुडवल्या त्याच्याशिवाय ते ॲप झालं. त्यांच्याच टिपणांवरून झालं, हे वेगळं सांगायला नको. आता गाडीवाला स्वतः फोनवरून ‘निघालो’ म्हणेपर्यंत समोरच्याला ‘गाडी शोधतोय, दुसरी मिळाली तर थांबू नका’ असंच दिसतं. हे वाक्य सुदामभाऊंचं आहे. ॲप आठ-दहा गावांत चालू आहे, आणि बरं चालू आहे. सुदामभाऊंना मी दुसऱ्या एका कामावर टाकलं, कोपऱ्यातल्या टेबलावर. ते पूर्वीसारखेच वागत, पोरांची थट्टा करत, पहिल्या टप्प्यात तारीख बोलणाऱ्याला चहाला पिटाळत. फक्त दर गुरुवारी अर्धा दिवस रजा टाकत. कुठे जातात ते मला अक्षयकडून कळलं. सोनालीच्या घरी जात. मुलीला बघत, तिला दवाखान्यात दाखवायचं असेल त्या दिवशी सोबत जात, आणि परत येत. पहिल्यांदा त्यांनी मला विचारलं ते फेब्रुवारीत. जिन्यात गाठून म्हणाले, ‘‘ताई, येकदा जाऊन या तितं.’’ मी म्हणाले, हो, बघते. एप्रिलमध्ये पुन्हा म्हणाले. मी म्हणाले, कामाचं फार आहे हो भाऊ. मला रागही यायचा, खोटं कशाला बोलू. मी त्यांना बैठकीत बोला म्हणून सांगितलं नव्हतं, असं स्वतःला समजावायचे, आणि मग त्या समजावण्याचीच लाज वाटून दिवसभर कुणावर तरी खेकसत राहायचे.

मे महिन्यात एकदा आम्ही दोघं कामशेतहून एका गिऱ्हाइकाकडून परत येत होतो. गाडी मी चालवत होते. बाहेर बघत बघत त्यांनी कारखान्यातली एक गोष्ट सांगितली. तिथे मंजूर न झालेल्या ड्रॉइंगवर लाल शिक्का मारायची पद्धत होती. एकदा घाईत एका ड्रॉइंगवर शिक्का मारायचा राहून गेला, खालच्या माणसांनी ते पक्कं समजलं आणि सगळा माल भंगारात गेला. शिक्का मारायचं काम सुदामभाऊंचं होतं. पण खालच्या मशीनवरच्या एका माणसाला घरी बसवलं, त्यांच्याच बरोबरीच्या दोस्ताला. ‘‘तवा म्या गप बसलो,’’ ते म्हणाले. ‘‘पोरगी ल्हान व्हती, नोकरीची भीती. नंतर लय वाटायचं, त्याच्या घरी जावं, सांगावं. पन जितकं दिस जात्यात तितका उंबरा उच्चा व्हतो, ताई. धा वर्सांनी गेलो, तर घराला कुलूप. गाव सोडून गेलते.’’ त्यांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मी रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिले. त्यांना काय सांगायचं होतं ते मला तिथेच कळलं होतं, आणि तरीही पुढचे दोन महिने मी गेले नाही.

शेवटचा गुरुवार. पाऊस मी म्हणत होता, धुक्यात समोरचं घर दिसत नव्हतं. रेनकोट चढवून सुदामभाऊ माझ्या दारात उभे राहिले. ‘‘येताय का?’’ एवढंच. मी पडद्यावरून डोळे न काढता म्हणाले, ‘‘पुढच्या वेळी नक्की, भाऊ. आज कॉल आहे.’’ कॉल नव्हता. ते ‘‘बरं’’ म्हणाले आणि जिना उतरून गेले. मोटरसायकल चालू होत नव्हती, चार-पाच किका मारल्याचा आवाज वर येत होता... मला वाटलं, आता खाली जावं, म्हणावं, चला माझ्या गाडीने जाऊ. पण तेवढ्यात ती चालू झाली.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला त्यांच्या गावी गेले होते. अंगणात मांडव, बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या प्रतिमेशेजारी भाऊंचा फोटो, वंदना चालली होती. तेवढ्यात मांडवाच्या कडेला एक म्हातारी बाई आणि कडेवर मूल घेतलेली एक तरुणी येऊन बसलेली दिसली. त्यांना मी कधी बघितलं नव्हतं, तरी ओळखलं. एवढ्या पावसात, दोन गाड्या बदलून त्या आल्या होत्या. मी उठले आणि घरात, आतल्या खोलीत बायकांमध्ये जाऊन बसले. त्या जाईपर्यंत बाहेर आले नाही. तिथे बसून मला एकच गोष्ट सारखी वाटत होती. या दोघी सुदामभाऊंना दोषी समजतात, तरी आल्या. आणि आता ते खरं काय ते सांगू शकत नाहीत. मी सांगितलं नाही, तर त्यांच्या मागे कायमचं तेच राहणार, ‘भला माणूस होता, पण त्याच्या हातून चूक झाली’. घरी येताना मी त्यांच्याकडे जाऊन सांगायचं ठरवलं, आणि तरीही त्यानंतरचे दोन गुरुवार तसेच गेले.

तिसऱ्या गुरुवारी गेले. गाडी वाडीच्या खाली लावली आणि बराच वेळ आतच बसून राहिले. हौसाबाई पडवीत तांदूळ निवडत होत्या. मी नाव सांगितलं, भाऊंच्या ऑफिसातली म्हणाले. त्यांनी सरकून बसायला जागा दिली. जे पाठ करून आले होते ते सगळं विसरले. ‘‘मावशी,’’ मी म्हणाले, ‘‘ते चित्र भाऊंनी पाठवलं नव्हतं. मी पाठवलं होतं. ते खरं नाही असं त्यावर लिहिलेलं होतं, तेही मीच काढायला लावलं. भाऊंनी माझ्यासाठी स्वतःवर घेतलं. त्यांची काहीच चूक नव्हती.’’ एका दमात बोलले आणि थांबले. हौसाबाईंचा हात तांदळातून फिरत होता, तो थांबला नाही. ‘‘ठावं हाय,’’ त्या म्हणाल्या.

‘‘भाऊंनी सांगितलं होतं?’’

‘‘त्यो कशाला सांगतोय. पर ज्याच्या हातनं झालं त्यो आसा दर गुरवारी दारात यील व्हय? त्याला त्वांड दावायला जड जातं. ह्यो पैल्या आठवड्यापासनं येतुया, म्हंजी चूक ह्याची न्हाई, दुसऱ्याच कुनाची तरी हाय, ह्ये आमी तवाच वळाकलं.’’ मग त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. ‘‘कोन, त्ये तेवडं म्हाईत नव्हतं.’’

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. मला रडू आलं आणि त्यांनी मला रडू दिलं, समजूत घातली नाही. सोनाली आतून पाणी घेऊन आली, तिने सगळं ऐकलं होतं. ती माझ्याशी काही बोलली नाही, अजूनही फारसं बोलत नाही, आणि तिने बोलावं असा माझा हक्कही नाही. तिची मुलगी आर्वी घोंगडीवर बसली होती, आता नऊ महिन्यांची आहे. थोड्या वेळाने हौसाबाईंनी कोनाड्यातून एक शंभर पानी वही काढून माझ्यापुढे ठेवली. वही सुदामभाऊंची, पण ठेवलेली या घरीच असायची. दर गुरुवारच्या एक-दोन ओळी. ‘आवाजाकडे वळून बघते.’ ‘उपडी झाली.’ ‘खुळखुळा उजव्या हाताने धरला.’ आणि शेवटच्या सहा-सात गुरुवारी, प्रत्येक वेळी, ‘डावा हात?’ मला मोठमोठ्या कंपन्यांनी शिकवलं नाही ते त्या प्रश्नचिन्हांनी दाखवलं, की ज्याचं उत्तर माहीत नाही त्याच्या पुढ्यात आठवड्यामागून आठवडे जाऊन बसायचं असतं. ‘‘डॉक्टर इचारत्यात, कवा काय केलं,’’ हौसाबाई म्हणाल्या. ‘‘आमाला कुनाला येवडं लिवाया येत न्हाई आन् सोनालीचं चित ठिकान्यावर नस्तंय. आता कोन लिवनार?’’

आज गुरुवार आहे. ऑफिसात सांगून ठेवलंय, दुपारनंतर मी नाही. डॉक्टरबाईंनाही मी भेटून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘‘त्यांना मी परत बोलवायला हवं होतं.’’ त्यांनीच आर्वीला पुण्यातल्या एका डॉक्टरांना दाखवलं, व्यायाम सुरू झालेत, अजून काही सांगता येत नाही म्हणतात. वाडीवर जायचं म्हटलं की मला आजही भीती वाटते. पहिल्या दिवशी जेवढी होती तेवढीच, तसूभरही कमी नाही. गेल्या गुरुवारी आर्वीने माझी ओढणी उजव्या हाताने ओढली आणि हसली. डावी मूठ मिटलेली होती. तसंच लिहिलंय वहीत, भाऊंच्या ओळींच्या खाली. निघते आता, पोहोचायला तास लागतो.